साप्ताहिक उदाहरणांच्या वह्या: प्रथम वर्ष भौतिकशास्त्रातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूरमधील एका महाविद्यालयातील बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्र वर्गाचे आहे. व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मी याच विभागात दुसरा विषय शिकवतो आणि पुढे ज्या बैठकांचा उल्लेख येतो त्यांना मी उपस्थित होतो. निर्णय मात्र मुख्यतः यांत्रिकी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे होते, आणि त्यांनी ते कसे घेतले हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे असे मला वाटते.

वर्गात नव्वदच्या आसपास विद्यार्थी होते. त्यांपैकी बरेच जण शहरातलेच असले तरी काटोल, सावनेर, कामठी, उमरेड या बाजूंनी रोज रेल्वेने किंवा एसटीने ये-जा करणाऱ्यांची संख्याही मोठी होती. बहुतेकांनी बारावीच्या वर्षात एमएचटी-सीईटी किंवा नीटची तयारी केलेली होती. या परीक्षांत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, त्यामुळे भौतिकशास्त्राचे उदाहरण सोडवणे म्हणजे योग्य सूत्र आठवून त्यात आकडे भरणे, अशी अनेकांची समजूत झालेली होती. आकृती काढणे, कोणती बले कुठे लागतात हे लिहिणे, कोणते गृहीत धरले ते सांगणे आणि आलेले उत्तर पटण्यासारखे आहे का हे तपासणे यांची सवय फार थोड्यांना होती. प्रथम वर्षाच्या यांत्रिकीत तर सगळे काम याच पायऱ्यांचे असते.

म्हणून शिक्षिकेने सत्राच्या सुरुवातीपासून साप्ताहिक गृहपाठ ठेवला. सोमवारी पाच उदाहरणे दिली जात, शनिवारी सकाळी अकराच्या आत वह्या विभागातील कपाटात ठेवायच्या असत आणि पुढच्या सोमवारी वर्गात त्यांची चर्चा होई. अंतर्गत मूल्यांकनातील निम्मे गुण या वह्यांना होते. उशिरा आलेल्या वहीला शून्य, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला होता. नव्वद वह्या वेळेवर हाती आल्या नाहीत तर सोमवारपूर्वी त्या तपासून होत नाहीत, हे त्यामागचे कारण रास्तच होते.

समस्या

पहिले तीन आठवडे सारे सुरळीत चालल्यासारखे दिसत होते. वह्या भरलेल्या येत, उत्तरेही बहुतांशी बरोबर असत. चौथ्या आठवड्याच्या संचात पुढील उदाहरण होते: ३० अंशांच्या उतारावर २ किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा खाली घसरत आहे, घर्षण गुणांक ०.३ आहे, तर त्वरण काढा. उतारावर लंब प्रतिक्रिया, म्हणजे उताराने ठोकळ्यावर पृष्ठभागाशी काटकोनात लावलेले बल, म-ग-कोसाइन थीटा (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण ९.८ गुणिले उताराच्या कोनाचा कोसाइन) इतकी असते. घर्षण तिच्या ०.३ पट आणि उतारावरून खाली खेचणारे बल म-ग-साइन थीटा, म्हणून त्वरण ९.८ गुणिले (०.५ वजा ०.३ गुणिले ०.८६६), म्हणजे सुमारे २.३५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते.

वर्गाच्या एक तृतीयांशाहून अधिक वह्यांत उत्तर होते उणे १०.१४.

हा आकडा कोठून आला हे शोधायला शिक्षिकेला वेळ लागला नाही. आदल्या आठवड्यात वर्तुळाकार गतीची उदाहरणे होती आणि त्यांसाठी कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे अंशांऐवजी कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर, लावलेला होता. तो तसाच राहिला तर ३० अंशांऐवजी ३० रेडियनचा साइन येतो, उणे ०.९८८, आणि कोसाइन ०.१५४. पुढची सारी आकडेमोड बिनचूक केली तरी उत्तर उणे १०.१४ च येते. अशी चूक एका विद्यार्थ्याकडून होणे स्वाभाविक आहे. तीसहून अधिक विद्यार्थ्यांचे कॅल्क्युलेटर एकाच वेळी रेडियनवर राहिले असतील, हे मात्र संभवत नाही.

त्याहूनही चिंतेची बाब वेगळी होती. केवळ गुरुत्वाकर्षणाने खेचली जाणारी आणि वर घर्षणाने अडवली जाणारी वस्तू मुक्त पतनाहून अधिक त्वरणाने, म्हणजे ९.८ हून अधिक वेगवाढीने, जाऊच शकत नाही. इतक्या वह्यांत हे उत्तर दोन रेघांनी अधोरेखित केलेले होते आणि एकाही ठिकाणी त्यासमोर प्रश्नचिन्ह नव्हते. काहींनी तर उणे चिन्हाचा खुलासाही दिला होता की वस्तू खाली जात असल्याने चिन्ह ऋण आले.

त्याच शनिवारी आणखी एक गोष्ट घडली. तो पोळ्याचा आठवडा होता. गावाकडचे विद्यार्थी घरी गेले होते, शहरात तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक असल्याने अध्यापनाचे दिवसही कमी झाले होते, पण वह्यांची वेळ बदललेली नव्हती. काटोलकडून येणारा एक विद्यार्थी गाडी उशिरा आल्यामुळे अकरानंतर पोहोचला. नियमाप्रमाणे त्याच्या वहीवर शून्य लिहिले गेले. सायंकाळी इतर वह्या तपासून झाल्यावर शिक्षिकेने ती वही उघडली. त्याचे उत्तर १.९६ होते, म्हणजे तेही चुकीचेच, कारण त्याने लंब प्रतिक्रिया म-ग इतकी धरली होती. परंतु पानभर आकृती होती, प्रत्येक बल बाणाने दाखवलेले होते आणि शेवटी लिहिले होते की घर्षण नसते तर ४.९ आले असते, त्याहून हे कमी आहे, म्हणून बरोबर असावे. त्या संपूर्ण गठ्ठ्यात भौतिकशास्त्राचा विचार सर्वांत स्पष्ट दिसत होता तो या वहीत, आणि तिला शून्य होते. उणे १०.१४ लिहिणाऱ्यांना सूत्र आणि पायऱ्या बरोबर म्हणून पाचांपैकी चार गुण मिळण्याच्या बेतात होते.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा याच दोन वह्यांच्या तुलनेत आहे. गुणदानाची पद्धत भरलेली वही वेळेवर येण्याला मोल देत होती, आणि विद्यार्थ्यांनी तेवढेच अचूक ओळखले होते.

कारणांचा शोध

विभागप्रमुखांची पहिली सूचना अशी होती की, ज्यांचे उत्तर उणे १०.१४ आहे त्या सर्वांना शून्य द्यावे आणि पालकांना कळवावे. शिक्षिकेने आठवडाभर थांबण्याची परवानगी मागितली आणि त्या काळात दहाबारा विद्यार्थ्यांशी एकेकट्याने बोलणे केले. हा या प्रकरणातील पहिला निर्णायक टप्पा होता. शिक्षा आधी जाहीर झाली असती तर पुढची माहिती कोणीही दिली नसती.

मूळ वही ज्याची होती तो वसतिगृहात राहणारा, वर्गातला हुशार मानला जाणारा मुलगा निघाला. शुक्रवारी रात्री तो पानांचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकत असे. तो म्हणाला, "मॅडम, नाही म्हणता येत नाही. सगळे आपलेच आहेत, अन् मी नाही दिलं तर दुसरा कोणी देईल." नकलणाऱ्यांपैकी काहींनी सरळ सांगितले की प्रवासातून घरी पोहोचेपर्यंत रात्र होते आणि शुक्रवारी फोटो येणारच हे माहीत असल्याने गुरुवारी वही उघडावीशी वाटत नाही. पण सर्वांत मोठा गट या दोन्हींत बसत नव्हता. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मी बसून राहिली होती मॅडम, दोन तास. पण सुरुवात कुठून करायची तेच समजत नव्हतं. कोरं पान कसं देणार?"

हे ऐकल्यावर अडचण कुठे आहे ते उघड झाले. कोऱ्या किंवा अर्ध्या पानाला शून्य, चुकीच्या पानाला थोडेसे आणि नकललेल्या बरोबर पानाला पूर्ण गुण मिळत असतील, तर अडलेल्या विद्यार्थ्याने अडल्याचे दाखवण्याचे काहीच कारण उरत नाही. शंका विचारण्याची वेळ वही दिल्यानंतरच्या सोमवारी होती. तोवर त्या उदाहरणात त्याला रस उरलेला नसे.

विचारात घेतलेले पर्याय

बैठकीत कडक शिक्षेचा पर्याय पुन्हा मांडला गेला आणि फार काळ टिकला नाही, कारण पुढच्या वेळी नकल करणारे आकडे थोडे बदलून लिहितील एवढाच त्याचा परिणाम झाला असता. गृहपाठ बंद करून फक्त चाचण्या घ्याव्यात, असेही एका सहकाऱ्याने सुचवले. त्यामुळे नकल थांबली असती हे खरे, पण चाचणीपूर्वीच्या आठवड्यांत सराव कोणी केला असता हा प्रश्न तसाच राहत होता.

प्रत्येकाला वेगळे आकडे देण्याच्या पर्यायावर मात्र बरीच चर्चा झाली. उदाहरणार्थ, उताराचा कोन २० अधिक हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक इतका ठेवायचा, म्हणजे शेजारच्याचे उत्तर जसेच्या तसे उतरवता येत नाही. ही युक्ती स्वस्त आहे आणि मी स्वतः प्रयोगशाळेत ती वापरतो. पण येथे तिची मर्यादा लगेच दिसली. नकलणारा विद्यार्थी पायऱ्या उतरवून फक्त शेवटी आपला कोन घालील, आणि या पायऱ्याच तर त्याला शिकायच्या आहेत. शिवाय तपासणाऱ्याला दहा वेगवेगळी उत्तरे समोर ठेवावी लागतात.

संगणकावर तपासला जाणारा ऑनलाइन गृहपाठ हाही पर्याय होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्र अभ्यासक्रमात अशाच ऑनलाइन गृहपाठाच्या नोंदींवरून नकलीचा अभ्यास झाला होता आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उदाहरण वाचायलाही पुरणार नाही इतक्या कमी वेळात आलेली बरोबर उत्तरे त्यांनी वेगळी काढली, आणि असे जे विद्यार्थी वारंवार करत होते ते सत्राअखेरच्या परीक्षेत मांडणी करून सोडवायच्या प्रश्नांत मागे पडलेले आढळले. अंतिम मुदत जवळ येते तशी नकल वाढते, हेही त्यात दिसले. शिक्षिकेने हा अभ्यास बैठकीत मांडला तो ऑनलाइन पद्धतीच्या समर्थनासाठी नव्हता. उत्तम साधने असलेल्या ठिकाणीही शेवटच्या रात्रीच नकल होते, तेव्हा आपणही ती शेवटची रात्रच बदलली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. ऑनलाइन पद्धतीत तपासला जातो तो अखेरचा आकडा, आकृती तपासली जात नाही, म्हणून तो पर्याय मागे पडला.

वह्या तपासण्याच्या श्रमाचाही हिशेब करावा लागला. नव्वद वह्या, प्रत्येकी पाच उदाहरणे, आणि प्रत्येक उदाहरणाला एकच मिनिट धरले तरी साडेसात तास होतात. प्रात्यक्षिकांच्या बॅचेस सांभाळून आठवड्याला इतका वेळ देणे कोणालाही शक्य नाही, आणि एका मिनिटात विद्यार्थ्याचा विचार वाचता येत नाही. याचा अर्थ तोवरची तपासणी फक्त उत्तर आणि सूत्र पाहून होत होती. हे बैठकीत उघडपणे बोलले गेले आणि त्यातूनच पुढचा मार्ग निघाला.

काय केले

आधी चौथ्या संचाचा निकाल लावायचा होता. सर्वांचा संच रद्द करून नवे आकडे घालून तो पुन्हा द्यावा, असे ठरत होते. पण २.३५ हे उत्तर स्वतः काढलेल्या काही विद्यार्थ्यांनी हरकत घेतली आणि ती योग्यच होती. त्यामुळे ज्यांचे गुण निर्विवाद होते त्यांचे कायम ठेवले गेले आणि बाकीच्यांना तो संच नव्याने करण्याची संधी दिली गेली. काटोलच्या विद्यार्थ्याचे शून्य रद्द झाले, परंतु ते त्याच्यापुरते नव्हते. सत्रात दोनदा कोणतेही कारण न विचारता वही पुढच्या तासापर्यंत देता येईल, अशी सवलत सर्वांसाठी जाहीर झाली. कारण विचारले की खरे कारण सांगणाऱ्यापेक्षा चांगले कारण सांगणाऱ्याला फायदा होतो, असे शिक्षिकेचे म्हणणे होते, आणि मला ते पूर्ण पटते.

त्यानंतर वेळापत्रक बदलले. उदाहरणे सोमवारीच दिली जात, पण बुधवारी शंकांसाठी एक तास ठेवण्यात आला आणि तो दुसऱ्या एका सहकाऱ्याने घेतला. त्या तासाला येताना प्रत्येक उदाहरणाची आकृती, दिलेल्या राशी आणि निदान पहिले समीकरण लिहून आणायचे, मग ते चुकलेले का असेना. जिथे अडले तिथे विद्यार्थ्याने एक वाक्य लिहायचे की मला अमुक कळत नाही. हे वाक्यही गुणांना पात्र होते. या तासात उत्तर सांगितले जात नसे. उदाहरणांच्या भाषेत दडलेल्या अटी मात्र उघड करून सांगितल्या जात, कारण दोरी हलकी आहे म्हणजे तिचे वस्तुमान सोडून द्यायचे आणि कप्पी गुळगुळीत आहे म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण समान धरायचा, हे कोणी सांगितल्याशिवाय नवख्याला कळत नाही.

शनिवारी वही कपाटाऐवजी वर्गात घेतली जाऊ लागली. वही देण्यापूर्वी त्याच संचातील एक उदाहरण, आकडे किंवा मांडणी थोडी बदलून, वही मिटून दहा मिनिटांत कागदावर सोडवायचे. वहीतील पाचांपैकी एकच उदाहरण बारकाईने तपासले जाई आणि ते कोणते हे वह्या जमा झाल्यावर चिठ्ठी काढून ठरे. त्या उदाहरणाच्या पाच गुणांपैकी दोन आकृती व गृहीतकांना, एक समीकरणांना, एक अखेरच्या उत्तराला आणि एक गुण उत्तर पटते का याविषयी लिहिलेल्या वाक्याला होता. हा शेवटचा गुण ठेवण्यामागे उणे १०.१४ होते, हे वर्गालाही माहीत होते.

एकत्र बसून चर्चा करण्यास मनाई केली गेली नाही. ज्यांच्याशी चर्चा केली त्यांची नावे पानाच्या खाली लिहायची आणि पानाचा फोटो पाठवायचा नाही, एवढेच ठरले. वसतिगृहातील त्या मुलाला शिक्षिकेने वेगळे बोलावून सांगितले की कोणी फोटो मागितला तर बुधवारच्या तासाला ये म्हणून सांग, आणि तूही ये. नाही म्हणण्याचे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावरून उतरले, ही गोष्ट लहान वाटली तरी वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

परिणाम

पहिल्या दोन आठवड्यांत वह्या आधीपेक्षा वाईट दिसू लागल्या. रिकाम्या जागा वाढल्या, खोडाखोड वाढली, पूर्ण सोडवलेली उदाहरणे कमी झाली. विभागप्रमुखांना ही घसरण वाटली आणि त्यांनी जुनी पद्धत परत आणण्याविषयी विचारले. हा दुसरा निर्णायक टप्पा होता. शिक्षिकेने दोन्ही काळांतील काही वह्या त्यांच्यासमोर शेजारी ठेवल्या. जुन्या वह्यांत एकसारख्या सुबक ओळी होत्या. नव्या वह्यांत निरनिराळ्या चुका होत्या, आणि निरनिराळ्या चुका म्हणजे निरनिराळ्या डोक्यांनी केलेला विचार. पद्धत चालू ठेवण्यास विभागप्रमुखांनी मान्यता दिली.

हळूहळू दहा मिनिटांच्या कागदांवर आकृत्या दिसू लागल्या. बुधवारच्या तासाला येणाऱ्यांत दूरहून ये-जा करणारे विद्यार्थी जास्त असत, कारण तो तास त्यांच्या गाडीच्या वेळेआधी संपत असे आणि घरी एकट्याने करायचे काम तिथेच सुरू होत असे. अंतर्गत परीक्षेत उताराचे उदाहरण वेगळा कोन देऊन पुन्हा विचारले गेले तेव्हा मुक्त पतनाहून जास्त त्वरण कोणीही लिहिले नाही. लंब प्रतिक्रिया म-ग धरण्याची चूक मात्र अनेकांकडून झाली. ती काटोलच्या विद्यार्थ्यानेही केलेली होती, पण आता त्याच्या वहीत तिचे निरसन आढळले. त्याने कोन ९० अंश केला, भिंतीला टेकलेल्या ठोकळ्यावर लंब प्रतिक्रिया शून्य यायला हवी हे पाहिले आणि आपले समीकरण स्वतः दुरुस्त केले.

नकल पूर्ण थांबली नाही. पानाच्या खाली एकही नाव न लिहिता जवळजवळ सारखी पाने देणारे काही जण शेवटपर्यंत होते. त्यांचे दहा मिनिटांचे कागद वहीशी जुळत नसत आणि गुण त्यानुसार कमी होत, पण त्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचलो असे म्हणता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

विद्यार्थ्यांशी जे बोलणे चौथ्या आठवड्यानंतर झाले ते दुसऱ्याच आठवड्यात होऊ शकले असते. पहिल्या तीन संचांतील एकसारख्या सुबक वह्यांनीही काही सांगितलेच होते. त्या वेळी उत्तरे बरोबर असल्यामुळे कोणी कारण शोधले नाही. बरोबर उत्तरांची नकल चुकीच्या उत्तरांच्या नकलेइतकीच घातक असते, पण ती डोळ्यांत भरत नाही. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात वही मिटून एक छोटा प्रश्न विचारला असता तर तफावत तेव्हाच समोर आली असती.

पोळ्याच्या आठवड्यातही तीच मुदत ठेवणे टाळता येण्यासारखे होते. विदर्भात शिकवणाऱ्याने सत्राचा आराखडा करतानाच पोळा, दसऱ्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि दिवाळी यांच्या आसपासचे आठवडे हलके ठेवावेत, असे मला वाटते. त्या दिवसांत बसगाड्या आणि रेल्वे भरलेल्या असतात आणि घरी वही उघडायला जागा नसते.

सर्वांत कठीण प्रश्न मनुष्यबळाचा आहे. पुढच्या सत्रात बुधवारचा तास घेणारे सहकारी, जे तासिका तत्त्वावर होते, त्यांची नेमणूक काही आठवडे लांबली आणि तो तास बंद पडला. शनिवारचा दहा मिनिटांचा प्रश्न चालू होता, गुणदानही तेच होते, तरी व्हॉट्सॲपवरचे फोटो परत आले. यावरून असे दिसते की, परीक्षा घेणारा भाग एकटा पुरत नाही आणि अडलेल्या विद्यार्थ्याला मुदतीच्या आधी विचारायला जागा मिळणे हाच या व्यवस्थेचा आधार होता. शिक्षिकेने त्यानंतर पाचाऐवजी तीनच उदाहरणे द्यायला सुरुवात केली, तपासणीचा वाचलेला वेळ बुधवारकडे वळवला आणि तो तास स्वतः घेऊ लागल्या. तिसऱ्या सत्रासाठी वरच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना, काटोलच्या त्या मुलासह, या तासाला मदतीसाठी बसवण्याचा प्रस्ताव त्यांनी विभागाकडे दिला असून त्यावर निर्णय व्हायचा आहे.